तेवीस ओळी

पिपरी मेघे,
२४ एप्रिल २०२५

चि. मोनालीस मामीचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुला सातव्या महिन्यात पडून राहायला सांगितलं आहे. मामांच्या मातीला येता आलं नाही याची खंत करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळपासून ते कॉम्प्युटरवर आपल्या कंडक्टरकीच्या आठवणी लिहीत होते. मीच हाक मारली, भाजी गार होते म्हणून. उठले, ताटावर बसले आणि दुसऱ्या घासाला गेले. लिहिलेलं अजून तसंच उघडं आहे. शेवटची ओळ अशी: अन्नपूर्णाला मी कधी सांगितलं नाही की. त्याखाली काही नाही. माझ्या हाकेने वाक्य तुटलं.

मी कॉम्प्युटर बंद केलेला नाही. लाइन गेली की इन्व्हर्टर त्यालाच पुरावा म्हणून पंखा लावत नाही. शेजारची छाया म्हणते, मावशी, एवढ्या उन्हात काऊन शिजून राह्यली? तिला मी त्या खोलीत येऊ देत नाही, येईल आणि बटणं दाबेल. पण दोन दिवसांपासून चौकोन येतो की अपडेट तयार आहे, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल. मी ‘नंतर’ दाबते. हे कायमचं कसं थांबवू? लवकर कळव.

तुझी मामी
अन्नपूर्णा

नाशिक,
२ मे २०२५

आदरणीय मामीस सप्रेम जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. हाकेचं मनाला लावून घेऊ नकोस. मामा त्या सकाळी फोनवर म्हणाले होते, आज तुझ्या मामीवर लिहून राह्यलो, तिले सांगजो नको.

माउसने सेटिंग उघड. त्यात अपडेटच्या पानावर ‘एक आठवडा थांबवा’ असं आहे. दर आठवड्याला ते दाब. पण पाचच आठवडे चालतं, पुढे ते कोणाचं ऐकत नाही. मामांच्या गाडीसारखं, वेळ झाली की घंटी. मागे आपोआप चालणारी हवामान, बातम्या, फोटो ही ॲप्सही बंद कर, म्हणजे इन्व्हर्टर जास्त पुरेल; कशी ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. आणि मुख्य म्हणजे कंट्रोल आणि एस या दोन कळा एकदम दाब, म्हणजे लिहिलेलं कायमचं राहील. मामा दिवसाचं लिखाण पूर्ण झाल्याशिवाय सेव्ह करत नसत, म्हणून सांगते.

पंखा लाव गं. माया आहेच, वाढू दे.

तुझी
मोनाली

पिपरी मेघे,
१४ जून २०२५

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

पाच आठवडे थांबवलं. दोन कळा मात्र दाबल्या नाहीत. मामांचा चष्मा त्या कळांवर आहे, त्यांनी ठेवला तसा. तो हलवायला हात झाला नाही. मग ठरवलं की वहीत उतरवून घ्यावं. मी बसच्या पाट्या वाचून अक्षर शिकलेली बाई. दिवसाला एखादी ओळ व्हायची. काना-मात्रा चुकली की पुन्हा. सगळ्या तेवीस ओळी झाल्या. आंजीच्या फाट्यावर मी पाटी न वाचता उलट्या गाडीत बसले होते आणि त्यांनी मला उतरवून दिलं, ते लिहिलं आहे. नक्कल सोबत पाठवते.

गुरुवारी ‘थांबवा’चं बटण दाबलंच जाईना. मग ‘पुन्हा सुरू करा’ मीच दाबलं. पडदा काळा झाला, नंतर कुठल्यातरी डोंगराचं चित्र आलं. मी उठून पंखा लावला. मामांना आता मोकळं केलं असं वाटलं.

जपून राहा. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी मामी

नाशिक,
२२ जून २०२५

आदरणीय मामीस सप्रेम जयभीम.

लपवावं असं चार दिवस वाटलं. पण पुढे-मागे तुला कोणी सांगितलं असतं, तर तू मला माफ केलं नसतंस.

मामी, पडद्यावर मावतं तेवढंच दिसतं. बाकीचं खाली असतं. माउसच्या मधलं चाक फिरवलं की वर येतं. त्या सकाळी मामा म्हणाले होते की सहा पानं झाली, वाचायला पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवलं, जेवतो, एकदा वाचतो आणि मग सेव्ह करतो. मला वाटलं चाकाचं तुला ठाऊक असेल. मी लिहायला हवं होतं. इथल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. सेव्ह न केलेलं परत येत नाही, म्हणाला.

मला काहीही बोल, पण पत्र पाठव.

तुझी
मोनाली

पिपरी मेघे,
१ जुलै २०२५

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

तुझा दोष नाही. चष्मा काढून ठेवलेला रोज बघत होते, तेव्हाच मला समजायला हवं होतं. लिहिणं झाल्याशिवाय ते चष्मा काढत नसत. माझ्या हाकेने काही तुटलं नव्हतं. त्यांनी वाक्य पूर्ण केलं होतं. पावणेदोन महिने ते माझ्यासमोर होतं, बोटभर खाली, आणि मी पंखा बंद करून त्याची राखण करत बसले.

काल चष्मा डबीत ठेवला. त्यांची एक जुनी फाईल उघडून चाक फिरवून पाहिलं. पान वर सरकतं, खालून ओळी येतात. एवढंच करायचं होतं.

बाळ झालं की सविस्तर लिही. कागद संपला तर मागच्या बाजूला लिही. मी आता उलटून पाहते.

तुझी मामी
अन्नपूर्णा