खालून काढलेला नकाशा

खोदकामाची छावणी,
४ फेब्रुवारी

चि. पोपडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी टँकरवाल्याने आणून दिलं. इथे फोनला रेंज नाही. आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्याच्याबरोबर टपाल येतं, आणि परत जाताना तो आमची पत्रं आणि भरलेली गाठोडी घेऊन जातो. काम झेपतं का म्हणून विचारलंस. चाळीस वर्षं मान वर करून लोकांच्या छतांना प्लास्टर केलं, आता मान खाली घालून करायचं म्हणजे मला सुट्टीच आहे. हाडावर ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, वाळलं की उलटवून पोटाकडून तसंच. मग वर ऑइलपेंटने नंबर. हे लोक त्याला काहीतरी लांबलचक म्हणतात, मी गाठोडं म्हणतो. आता तेही गाठोडंच म्हणायला लागलेत.

जनावर मोठं आहे. नुसतं मांडीचं हाड माझ्या उंचीचं. एवढं धूड, आणि खायचं काय, तर झाडपाला. दात पेन्सिलीएवढे. आमच्या खोदकामाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई म्हणतात, सात कोटी वर्षांपूर्वीचं आहे. त्यांचे सगळे पेशंट आधीच गेलेले, त्यामुळे त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पण बाई जीव ओतून काम करतात, बारा वर्षं याच टेकडीच्या मागे आहेत.

नकाशे काढणारी मुलगी पाय मुरगळून घरी गेली. मान आणि छाती तिने काढून ठेवली होती. कंबर, मागचे पाय आणि शेपूट माझ्याकडे आलं. जमिनीवर दोऱ्यांच्या चौकटी ताणल्या आहेत, मधला दोरा पाठीच्या कण्यावरून गेलाय. मोजायचं आणि चौकटीच्या कागदावर उतरवायचं. छतांचे आराखडे काढण्यात जन्म गेला, मला त्यात काय अवघड.

झोप चांगली लागते. वर नुसतं तंबूचं कापड असतं.

दगड उकरताना तोंडाला फडकं बांधत जा. मायेत खंड पडू देऊ नये.

तुझे
बाबा


संग्रहालय, तळघर
२४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची सात पत्रं आली. आई गेल्यावर आठ महिने तुम्ही पुढच्या खोलीतल्या बाकावर बसून होतात, तिथेच झोपत होतात, आणि जेवलात का विचारलं तर मान हलवायचात. त्या माणसाने सात पत्रं लिहावीत आणि त्यातल्या दोनांत माझी थट्टा करावी, याचं मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. बाईंना तुमचं नाव मी घाबरत घाबरतच सुचवलं होतं.

लहानपणी भिंतीचे पोपडे उकरते म्हणून तुम्ही माझ्यामागे धावायचात. आता दिवसभर तेच करते आणि जूनमध्ये त्या कामावर कायम होईन, असं वरिष्ठ म्हणतात. तळघरात एक खिडकी आहे, तिच्यातून फक्त लोकांच्या चपला दिसतात. टेबलावर दाभण, दातांच्या डॉक्टरकडची जुनी हत्यारं, ब्रश, आणि तुमची गाठोडी. गोणपाटाची शेवटची पट्टी तुम्ही नेहमी आत दुमडता, त्यामुळे नंबर न बघताही तुमचं कुठलं ते कळतं.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. बावीस नंबरच्या गाठोड्यात एका बरगडीचा अर्धा तुकडा आहे आणि तेविसात दुसरा. तुटलेली बशी जुळावी तसे ते जुळतात. पण नकाशात एक कण्याच्या डावीकडे आहे, एक उजवीकडे. मांडीचं डावं हाडही उजवीकडे दाखवलंय. बाईंनी कळवलं की कुठल्यातरी मांस खाणाऱ्या जनावराने याला कमरेपासून फाडून मागचा भाग पालथा टाकला असणार. त्यांचा लेख महिन्याभरात छापायला जाईल. खड्डा रिकामा झालाय, आणि फोटो एकेका हाडाचे जवळून घेतलेत, त्यांतून बाजू कळत नाही.

तुम्ही नकाशा काढायला कसे बसायचात? सहज विचारते.

काळजी घ्यावी. लोभ आहे तो वाढता ठेवावा, ही विनंती.

तुमची
पोपडी


छावणी,
३१ मार्च

चि. पोपडीस,
अ. उ. आ.

सहज विचारते, असं लिहिलंस. लहानपणी तू सहज काही विचारायचीस तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असायचं. पण विचारलंस तर सांगतो.

मापं सकाळी घ्यायची आणि आकडे वहीत. उन्हं तापली की तंबूत आडवं पडून, कागद फळीवर लावून, तोंडासमोर वर धरायचा आणि काढायचा. छताचा आराखडा मी असाच काढत आलो. छत माणूस खालूनच बघतो, मग डावं-उजवं खालच्या माणसाच्या डोळ्यांनीच धरायला हवं. शिकाऊ पोरं उभ्याने काढतात आणि मग वेलीचं तोंड भलत्याच भिंतीकडे जातं.

तुझ्या आईच्या खोलीतलं छतावरचं प्लास्टरचं फूल मी असंच तिच्या शेजारी पडून आखलं होतं. दोन वर्षं ती आजारी, पाठीवर पडून होती, तिला बघायला दुसरं काय होतं. पाकळ्या खिडकीकडे वळलेल्या दिसाव्यात म्हणून तीनदा खरवडून पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, आता जमलं. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर. त्यानंतर कुणी कौतुक केलं ते परवा बाईंनी. सगळ्यांसमोर म्हणाल्या की नकाशाचा मागचा अर्धा भाग पुढच्यापेक्षा नेटका आहे. म्हातारपणी छाती दोन बोटं फुगली, खोटं कशाला बोलू.

जनावराला कुणी फाडलं हे ऐकून मात्र वाईट वाटलं. पाला खाणारं गरीब धूड.

बाकी क्षेम. लोभाची मापं काढायची नसतात, तो तसाच असू द्यावा.

तुझे
बाबा


संग्रहालय, तळघर
७ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वाचून आनंद झाला. नकाशाबद्दल आता काही काळजी नको. चूक सापडली आहे आणि ती माझी आहे. गाठोडी उघडताना तेवीस ते एकतीस नंबरच्या चिठ्ठ्या माझ्या हातून डाव्याच्या उजव्याला आणि उजव्याच्या डाव्याला लागल्या. बाईंना मी याच टपालाने वेगळं बंद पाकीट पाठवून तसं कळवलं आहे. त्या तुम्हाला काही बोलल्या तर तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

इकडे सर्व ठीक. हवा चांगली आहे. तुम्ही वेळेवर जेवत जावं आणि दर सोमवारी लिहीत जावं, एवढंच मागणं आहे.

तुमची
पोपडी


छावणी,
१४ एप्रिल

चि. पोपडीस,
आशीर्वाद, आणि दुसरा आशीर्वाद म्हणून कान उपटतो.

हवा चांगली आहे, असं तू जन्मात कधी लिहिलं नाहीस. तिथेच मला शंका आली. आणि कुठल्या चिठ्ठ्या? गाठोड्यांवरचे नंबर मी स्वतःच्या हाताने ऑइलपेंटने लिहिलेत. तुझ्या नखाने निघायचे असते तर घरातली एक भिंत शिल्लक राहिली नसती.

मग मी नकाशाची प्रत घेऊन रिकाम्या खड्ड्यात उतरलो. आधी उताणा पडलो आणि कागद वर धरला. सगळं बरोबर. मग उठून उभा राहिलो आणि तोच कागद पायाशी ठेवला. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. पोरी, जमिनीतलं जनावर मी छताला लावून ठेवलं होतं. खड्ड्याच्या काठावर जाऊन बसलो. कामात अशी चूक मी पहिल्या वर्षीही केली नव्हती. आता हे काम जाणार आणि पुन्हा तो बाक, एवढंच डोक्यात आलं. पण जूनमध्ये तू कायम व्हायची आहेस. चोर सोडून संन्याशाला फाशी मी होऊ देणार नव्हतो.

बाईंच्या तंबूत गेलो तर तुझं पाकीट त्यांच्या हातात, नुकतंच फोडलेलं. मी म्हटलं ते खोटं आहे, आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी मलाच जमिनीवर आडवं व्हायला लावलं, मग स्वतः झाल्या. बराच वेळ आम्ही दोघं नकाशा वर धरून पडून होतो. चहावाला डोकावून तसाच परत गेला. उठल्यावर बाईंनी लेखाची मधली पानं फाडली. चेहरा उतरला होता, माझ्याच्याने बघवेना. मग म्हणाल्या, हाडाला आपलं नाव लागावं म्हणून भांडणारी माणसं बारा वर्षांत पुष्कळ पाहिली, चुकीला आपलं नाव लावायला दोघं धावताना पहिल्यांदाच पाहते आहे.

पुढे ऐक. मागचा अर्धा कागद पालथा करून उजेडावर धरून लावला तर जनावर मानेपासून शेपटीपर्यंत एका ओळीत येतं. तुझ्या बरगडीचे तुकडे एकमेकांना भेटतात. कुणी फाडलं नाही त्याला. दमलं असेल, चिखलात आडवं झालं आणि तसंच राहिलं. बाई म्हणतात, एवढं मोठं आणि इतकं अखंड सहसा सापडत नाही. मला काढून टाकलेलं नाही. नकाशा पुन्हा काढायचाय, उभं राहून.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस. याचा राग आहे, आणि दुसरं जे आहे ते तुझ्या आईला सांगितलं असतं.

परत असं करू नये. लोभ तरीही कायम.

तुझे
बाबा


संग्रहालय, तळघर
९ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कान उपटून झाले असतील तर बातमी सांगते. मी कायम झाले. बाईंनी वरिष्ठांना आपल्या दोघांचा पराक्रम सांगितला, पण कुठल्यातरी खुबीने सांगितला असणार, कारण ते हसत होते.

छावणी आटोपून तुम्ही घरी पोचलात, आता पुन्हा त्या बाकावर मुक्काम टाकाल या धास्तीने हे लिहिते आहे. मोठ्या दालनात हाडांच्या ओतीव प्रतिकृती बांधून जनावर उभं करायचं ठरलंय. मान आणि शेपूट लोकांच्या डोक्यावरून जाणार. बाई म्हणाल्या, येणारे सगळे ते खालूनच बघणार, तेव्हा खालून बघणारा माणूस हवा, आणि असा एकच त्यांच्या ओळखीचा आहे. दोन वर्षांचं काम आहे. याल का?

वाट पाहते. लोभ असतोच, या खेपेला स्वतः घेऊन यावं.

तुमची
पोपडी


घर,
१५ जून

चि. पोपडीस,
अ. उ. आ.

येतो. सोमवारच्या गाडीने निघेन. थापी आणि ओळंबा माझाच आणतो, तुमच्याकडचं सामान नाजूक हातांचं असतं. शेपटीचा बाक कुणी ठरवला असेल तर मी येईपर्यंत थांबायला सांग. कायम झालीस, फार समाधान वाटलं. आता तरी तोंडाला फडकं बांध.

भेटीनंतर पत्रांची गरज उरणार नाही, तरी लोभात कपात नको.

तुझे
बाबा

ता. क. पुढच्या खोलीतला बाक शेजारच्या शिंप्याला देऊन टाकला. खाट आईच्या खोलीत, तिच्या जागेवर लावली आहे. वर्षभर त्या खोलीत मान वर केली नव्हती. काल आडवा झालो आणि पाहिलं. पाकळ्या खिडकीकडेच वळल्या आहेत. खालून ते बरोबर आहे.