सामाईक विहिरीवरची पाळी

बाबा,

अकोल्याच्या कोर्टात माझ्यावर घोर अन्याय झाला. व्हरांड्यातल्या बाकाचा एक खिळा वर आलाय, त्यानं माझ्या नव्या साडीचा काठ फाडला. या खिळ्याविरुद्ध अपील कुठे करायचं, असं विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, "ताई, आधी भावाचं होऊ द्या."

भाऊ म्हणजे तुमचा धाकटा, पतसंस्थेतला कारकून. मॅनेजरनं खोट्या नावांवर कर्जं उचलली आणि त्याला फसवणुकीत साथ दिली म्हणून यालाही तीन वर्षांची शिक्षा झाली. कागदांवरच्या सह्या माझ्या नाहीत, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. आता वरच्या कोर्टानं अपील दाखल करून घेतलंय. सह्या तज्ज्ञाकडून तपासल्या जातील, तोवर शिक्षा थांबवून जामीन मिळालाय. फक्त सातबारा घेऊन कुणीतरी जामीनदार उभा राहायला हवा होता. आपलं शेत त्याच्याच नावावर, ते चालेना. मामांची कंबर नेमकी त्याच दिवशी धरली आणि आत्याकडे अचानक सत्यनारायण निघाला.

मी घड्याळाकडे बघत बसलेली, तर समोरून पिशवी सांभाळत भातकुलीचे काका येतात. आपल्या शेताशेजारचे, ज्यांच्याशी तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत.

"काका, तुमी काहून आले?"

"तुया बापाशी मी बोलत नोतो. पोराशी थोडीच भांडलो!" त्यांनी पिशवीतून सातबारा काढला. "बाप तुया लय खट. माई पाण्याची पाळी खाल्ली त्यानं. पण भाजी तोलताना कोनाले कमी नाई देल्लं. त्याचं पोरगं लोकायले फसवते? मले नाई पटत."

कोर्टात हा पुरावा धरत नाहीत. मी मात्र धरला.

संध्याकाळी धाकटा बाहेर आला. एसटीत खिडकीची जागा त्यानं काकांना दिली. निकाल यायचाय अजून. पण बडनेऱ्याला त्यानं स्वतःहून चहा मागितला, हे तुम्हाला कळावं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तुमचं भांडण झालं त्या उन्हाळ्यात विहिरीवरची पाळी काकांचीच होती, बाबा. गावभर लोकांची टर उडवणारी मी, हे आईजवळही कधी बोलले नाही.

आज सकाळी पाळी आपली होती. मोटर लावली, आपल्या शेतात येणाऱ्या पाण्याच्या दांडाला माती लावून वाट बंद केली आणि पाणी काकांच्या कोबीत सोडलं. ते बांधावरून ओरडले, "पोरी, पाळी तं तुमची हाये न आज!"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.