पस्तीसाव्या किलोमीटरची बाटली

होसकोटे, बेंगळुरू
बुधवार, सुट्टीचा दिवस

तीर्थरूप येसाजी मामांना भाचा ज्योतिबाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा जमिनीला टेकवायला भार्गवी मॅडमनी महिनाभर मनाई केली आहे (पळायला परवानगी आहे, टेकायला नाही, ते त्यांचं शास्त्र), तेव्हा उभ्यानंच हात जोडतो, तेवढं गोड मानून घ्या. तुमची कंबर कशी आहे? ठकुमामीचा खोकला थांबला का? काळी म्हैस व्यायली का नाही अजून? मी इकडे खुशाल आहे, म्हणजे कमरेच्या वर खुशाल आहे. खालचं सविस्तर पुढे लिहितो.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. गोदामात हजेरीची सही करतो आणि खोक्यावर नंबर घालतो, तेवढंच लिहिणं. मामी सांगत होती, माझा फोन वाजला की तुम्ही उठून गोठ्यात जाता. चौदा महिने झाले मामा. गोठा आता आरशासारखा झाला असेल.

आधी मुद्द्याचं. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, इथं बेंगळुरूत निवडीची मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडंसं (ते वरचं थोडंसं कुणी का ठेवलं ते आमच्या सरांनाही माहीत नाही, पण सगळ्यात जास्त तेच दुखतं). पहिल्या दोघांत यायचं आणि दोन तास पंधरा मिनिटांच्या आत यायचं, की भारताच्या संघात नाव. माझी आजवरची चांगली वेळ दोन तास सतरा मिनिटं वीस सेकंद. म्हणजे राहिले एकशे चाळीस सेकंद. सगळ्या वाटेवर वाटून टाकले तर किलोमीटरला साडेतीन सेकंदसुद्धा पडत नाहीत. तुम्हाला हातावरचा तंबाखू मळायला याच्या दसपट वेळ लागतो. एवढ्याशासाठी मी घरी बसणार नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. बाकीचे बहुतेक फौजेतले आहेत, त्यांना डॉक्टर, दूध, अंडी सगळं सरकारी. फौजेत मलाही जायचं होतं, पण तिथं दहावी मागतात आणि मी तर तुमच्या एमएटी गाडीच्या मागनं पळत शाळेला निघायचो ते तसाच खानापूरपर्यंत जायचो. तुम्ही आरशात बघून वेग वाढवायचा आणि मीही वाढवायचा. शाळा वाटेतच राहून गेली की हो.

आमचे कोच नागराज सर. स्टेडियमवर गळ्यात घड्याळ अडकवून उभे असतात, हसत नाहीत. मागच्या आठवड्यात मी सरळच विचारलं, "सर, माझा चान्स किती?"

"पळालास तर शंभरात साठ."

मी खूश झालो. तर म्हणाले, "थांब स्वल्प (म्हणजे जरा). सुरुवातीच्या रेषेपर्यंत पायावर चालत पोचण्याचा शंभरात वीस. बाकीच्यांचे पाय सराव करून दुखतात. तुझ्या पायाला स्पर्धेची तारीख कशी कळते रे?"

आता सरांचंही खोटं नाही. ऑगस्टमध्ये घोट्याचं प्लास्टर, पट्टी, काठी सगळं सुटलं आणि पळायला लागलो. सप्टेंबरात भार्गवी मॅडमना घोटा दाखवायला राजाजीनगरला गेलो (या फिजिओ, म्हणजे सुई-गोळीशिवाय दुखवणाऱ्या डॉक्टर; सरांच्या ओळखीनं मला बुधवारी फुकट बघतात). त्यांच्या दाराच्या अलीकडे दहा पावलांवर फूटपाथची फरशी डुगडुगली आणि मी गुडघ्यापर्यंत गटारात. घोटा घेऊन गेलो होतो, गुडघा घेऊन आत शिरलो. मॅडमनी कार्डावरचा घोटा खोडून गुडघा लिहिला, मग माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि घोटा परत लिहिला. म्हणाल्या, कार्ड मोठं घ्यावं लागेल.

गुडघा बरा होतोय तोवर गोदामात खोकं पडलं. आत पाच लिटरचे सहा कुकर. मी बूट घातले होते, पण पळायचे घातले होते (गोदामाचे जड बूट घातले की मला पाय कुणाचे तरी उसने वाटतात). अंगठ्याचं नख गेलं. नख ही काय दुखापत नव्हे, पण सरांनी तेही वहीत टिपलं.

मग बर्फाचं. लांब पळून आलं की पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, सूज उतरते. माझ्याकडे टब कुठला? घरमालकीण रंजिता अक्कांचा पाण्याचा निळा ड्रम मागून घेतला, सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणली, फोडली, ड्रममध्ये उतरलो. पहिली चार मिनिटं देव दिसले, पुढं काही वाटेना. झालं म्हणून बाहेर पाय टाकला तर तो फोडताना उडालेल्या बर्फाच्या तुकड्यावर. सूज पायाची उतरली आणि कमरेला चढली. अक्कांनी आवाज ऐकून वर येऊन बघितलं तर मी पालथा, ड्रम माझ्यावर पालथा, आणि त्यांचं तीन दिवसांचं पाणी जिन्यानं खाली चाललेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ज्योती, तू पळतोस ते बरं आहे. उभा राहू नकोस." तेव्हापासून रोज मला नाचणीचा मुद्दा (म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा) करून घालतात. हाडाला चांगला म्हणे. चावायचा नाही, गिळायचा; मी पहिल्या दिवशी चावला आणि जबडा धरला, पण ते मी सरांना सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

आणि जानेवारीत बाटलीचं झालं, ते नीट वाचा, कारण पुढं त्याचं काम आहे. होसकोट्याच्या रस्त्यावर सरांनी तीस किलोमीटरची चाचणी ठेवली होती. आम्हा पळणाऱ्यांची आपापली पाण्याची बाटली टेबलावर असते, पळतापळताच उचलायची. माझी टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवलेली. मी वाकलो, बाटली आली, टेबल पण आलं, चार जणांचं पाणी आलं, आणि मांडीच्या मागची शीर गेली. तीन आठवडे बसून काढले. मामा, मला बसता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बसूनबसून अक्कांच्या जिन्याच्या पायऱ्या मी एकोणीस वेळा मोजल्या. प्रत्येक वेळी बावीसच भरल्या.

पण आता ऐका. गेल्या रविवारी मी पस्तीस किलोमीटर पळालो, एका किलोमीटरला तीन मिनिटं दहा सेकंदांनी, आणि कुठंच काही दुखलं नाही. संपल्यावर मी आपणहून एकेक सांधा दाबून बघितला, चुकून राहिलं असेल म्हणून. सरांनी घड्याळ दोनदा हलवून बघितलं. मग म्हणाले, "सरी." (सरी म्हणजे ठीक. एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही केलं नसेल.) घोटा पडो, कंबर जावो, मी तेवीसला त्या रेषेवर उभा राहणार. रांगत गेलो तरी जाणार, फक्त डावा गुडघा टेकायचा नाही एवढं बघावं लागेल.

आता आपल्यातलं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी मॅरेथॉनमध्ये दुसरा नंबर काढून गावी आलो, तेव्हा मिरवणूक काढली ती तुम्हीच. हलगी तुम्ही आणलीत, जेसीबीच्या बकेटमधनं गुलाल तुम्ही उधळायला लावलात, आणि पैलवानाला घेतात तसं मला खांद्यावर तुम्हीच घेतलंत. ग्रामपंचायतीपुढं आलो आणि मी तुमच्या खांद्यावरनं पडलो, घोट्याचं हाड चिरलं, गेल्या वर्षीची निवड माझ्याशिवाय झाली. झालं ते झालं. मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की मामांना मी माफ केलं. पण मामी म्हणते तुम्ही तेव्हापासून शिवाप्पाच्या टपरीवर चहाला जात नाही, कारण शिवाप्पा पोरांना सांगतो, "येसाजी आले, कपबशी त्यांच्या हातात देऊ नका, पाडतील." म्हणते, गेल्या गणपतीत मूर्ती उचलायलाही तुम्ही पुढं आला नाहीत. चाळीस वर्षं उसाची मोळी वाहिलेला माणूस लांब उभा राहून हात जोडत होता म्हणे. हे ऐकल्यापासून मला मुद्दाही गिळवत नाही.

तेव्हा तब्येतीला जपा, मामीवर चिडू नका, तिनंच सगळं सांगितलं हे तिला कळू देऊ नका. लहानांना आशीर्वाद, म्हशीला कुरवाळणं.

तुमचा, अजून तरी दोन पायांवर असलेला भाचा,
ज्योतिबा

ता. क. सरांचं म्हणणं, बाटली टेबलावरनं उचलायची हे काम माझ्या हातून होणार नाही. पस्तीसाव्या किलोमीटरला, बनशंकरीच्या चढाच्या तोंडाशी, आपला माणूस उभा करता येतो, तो बाटली हातात देतो. त्यासाठी नाव आणि फोटो आधी द्यावा लागतो. मी तुमचं नाव दिलं. मामीनं रेशनकार्डावरचा फोटो पाठवला. पास छापून आला आहे, त्यात तुम्ही रागावलेले दिसता. आता तिथं दुसऱ्या कुणाला उभं राहता येणार नाही, तुम्ही आला नाहीत तर मी त्या चढावर कोरडाच जाईन. शनिवारी सकाळी मी स्टँडवर घ्यायला येतो. एक लक्षात ठेवा, बाटली दिली की जाग्यावर थांबायचं. माझ्याबरोबर दोन पावलं जरी पळालात तरी मला बाद करतील. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, माझ्या हातात कशाला, मी पाडीन. तर ते माफ केल्याचं मी वर लिहिलंय, ते खोडायला पाहिजे, पण पानाची मागची बाजू पण भरली आहे, म्हणून इथं लिहितो. तुम्ही मला पाडलं नाहीत. सरपंचांच्या पोरानं मोबाइल वर धरला, मी फोटोसाठी तुमचं डोकं सोडून दोन्ही हात वर केले आणि मागं रेललो. तुम्ही माझे पाय धरून ठेवले होते, शेवटपर्यंत. धरले होते म्हणूनच एक घोटा वाचला. हे मला पडतानाच कळलं होतं. पण तिथं सगळे तुम्हालाच बोलायला लागले, आणि भारताच्या संघात जाणारा माणूस फोटोला हात दाखवताना पडला हे मला तोंडानं सांगवेना. मग गप्प बसलो. पळताना मला कधी थांबावंसं वाटत नाही, पण हे आठवलं की पाय आपोआप हळू होतात, किलोमीटरला साडेतीन सेकंद तरी जातच असतील.

ता. क. तिसरा. हे पत्र टपरीवर न्या आणि शिवाप्पालाच वाचायला द्या, त्याचा आवाज मोठा आहे. सकाळच्या गर्दीत वाचायला सांगा. बर्फाचं आणि गटाराचं वगळलं तरी चालेल. दुसरा ता. क. मात्र दोनदा वाचायचा. आणि चहा तुमच्या हातात, बशीसकट.