कैमातीची साखर आणि एक वाजल्याचा घोळ

लामू,
शनिवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय झुहुरा हिस,

थोरल्या बहिणीचा सलाम आणि पुष्कळ दुवा. शुक्रवारच्या बसने तुझं पार्सल पोचलं. मिळालेल्या वस्तू येणेप्रमाणे: इन्सुलिनची बाटली एक (बर्फाचं पाणी झालं होतं, पण बाटली गार होती), सुयांचा डबा एक, साखर मोजायच्या पट्ट्या पन्नास. बसवाल्याचे साडेचारशे शिलिंग, आणि धक्क्यापासून घरापर्यंत गाढववाल्याचे शंभर (वीतभर खोक्याला गाढव कशाला, ते तुझ्या भावजींना विचार). औषधाची किंमत तू पावतीवर खोडलीस, ती मी उन्हात धरून वाचली. अल्लाह तुला बरकत देवो, पण पुन्हा खोडू नकोस.

तुझे गुडघे नैरोबीच्या गारठ्यात कसे आहेत? आम्ही दोघं सुखरूप. तू लिहितेस की, ताई, मांजरीचं तुला झेपत नसेल तर तसं कळव, वीस तारखेला येऊन घेऊन जाते. त्याचंच उत्तर लिहायला गच्चीवर येऊन बसले, त्याला बराच वेळ झाला. समुद्रावरून वारा येतोय, खालच्या गल्लीतून कुणाच्या तरी घरचा नारळाच्या दुधातला भात दरवळतोय, आणि कैमाती माझ्या पदराच्या टोकावर झोपली आहे. मधूनच तिचा पंजा हलतो. स्वप्नात मासा धरत असावी. तो सुटू नये म्हणून मी पदर ओढून घेत नाही. (पाकात बुडवलेल्या गोळ्यांचं नाव ठेवलेल्या मांजरीलाच मधुमेह व्हावा! नाव तू ठेवलंस, एवढंच नमूद करते.)

सुई टोचायला मी शिकले. आधी खाणं, मग मानेची कातडी चिमटीत धरून दोन युनिट, दिवसातून दोनदा, बारा तासांनी. गाढवांच्या दवाखान्यातले डॉक्टर वेकेसा ह्यांनी दाखवून दिलं. त्यांचा हात गाढवांना सरावलेला, त्यामुळे मांजर धरताना ते जरा हरवल्यासारखे दिसतात, पण माणूस सज्जन. मागच्या महिन्यात साखर चढलेली दिसली तेव्हा मी म्हटलं, अर्धा युनिट वाढवून टाकते. तर म्हणाले, "मावशी, हे भाजीतलं मीठ नाही. एका आकड्यावर काही बदलायचं नाही. आकडे लिहून ठेवा, मला दाखवा, काय ते मी सांगेन." तेव्हापासून वही आहे. शाळेची शेवटची परीक्षा दिलेली बाई मी, रकाने आखायला मला कोण शिकवणार?

घोळ झाला तो ह्या रकान्यांतच. आपला दिवस सूर्याबरोबर उठतो. ऊन घरात येऊन टेकलं की एक वाजला. मला हे फार आवडतं, जणू रोज सकाळी कुणी काळ नव्याने मोजायला घेतो. पण तुझे भावजी अठ्ठावीस वर्षं बंदराच्या कचेरीत होते. आपला एक वाजतो तेव्हा त्यांच्या मनगटावर सात असतात. इतकी वर्षं एका छपराखाली सहा तासांच्या अंतराने नांदलो आणि कधी चुकामूक झाली नाही, कारण तोंडाने बोललेला तास आपला आणि कागदावर लिहिलेला तास कचेरीचा, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मंगळवारी मी सकाळी कैमातीला खायला घातलं, सुई दिली, दिल्याची नोंद म्हणून कागदावर "१ वाजता, २ युनिट" असं लिहून फडताळाला चिकटवलं, आणि होडीने शेला गावी मैमुनाच्या लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक करायला गेले.

ह्यांनी कागद वाचला. भर दुपारी त्यांच्या घड्याळात एक वाजला, आणि ह्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने, न चुकता, दोन युनिट दिली. (त्याआधी तिने माशाला तोंडही लावलं नव्हतं. ते ह्यांना कुठे दिसतंय!)

मी परतले तेव्हा अस्रची, तिसऱ्या प्रहरची अजान होत होती. कैमाती अंगणात होडीत चालल्यासारखी चालत होती. दारावर आपटली, मग माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. क्षणभर मला वाटलं, ही झोपेतच चालतेय, हिला उठवू नये. मग हे आतून मोठ्या अभिमानाने म्हणाले, "अगं, एकची सुई बरोब्बर एकला दिली हं!" आणि मी साखर मोजायची पट्टी आणायला धावले.

कानाला टोचून पाहिलं तर दोन पूर्णांक एक (चारच्या खाली जाता कामा नये). हे म्हणतात, "कमी आली ना? मग बरंच झालं की!" मी म्हटलं, "शहाणे आहात! मध आणा." बोटभर मध हिरड्यांवर चोळला (घशात ओतायचा नाही, ठसका लागतो), आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मध चालू ठेवा, गिळायला लागली की मासा द्या, दर अर्ध्या तासाने मोजा, झटका आला तर तशीच उचलून आणा, आणि संध्याकाळची सुई देऊच नका. वर म्हणाले, "दिली की नाही अशी शंका आली तर देऊ नये, मावशी. एक सुई चुकली तर निभावतं. दोनदा गेली तर मांजर जाते." मगरिबपर्यंत, सूर्य मावळेतो, आकडा सहावर आला, तिने मासा खाल्ला आणि ह्यांच्या मांडीवर अंग चाटत बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडे पाहून तूर्त एकच युनिट ठेवलं आहे. आता कागदावर तास लिहीत नाही, सूर्य काढते: उगवता आणि मावळता.

असा हा सगळा त्रास. खर्च वेगळाच. झोप नाही, लग्नाला निवांत जाता येत नाही, आणि घरात असा नवरा.

तुझी ताई,
म्वानाखेरी

ता. क. वरचं वाचून तुला वाटेल, मी मांजर घेऊन जा म्हणते आहे.

ता. क. दुसरा. सगळा दोष ह्यांच्यावर टाकला, पण खरं लिहायला हवं. सोमवारपासून आमचा अबोला होता. हे म्हणाले होते, "झुहुराची मांजर झुहुराला देऊन टाक, तू थकतेस." म्हणून मी तोंडाने न सांगता कागदावर लिहिलं. बोलले असते तर एक वाजला म्हणजे सकाळ, हे त्यांना कळलं असतं. त्या रात्री त्यांनी तिला मांडीवरून उतरू दिलं नाही. आता म्हणतात, वीस तारखेला मी दार उघडणारच नाही.

ता. क. तिसरा. गुडघे दुखत असताना एवढा प्रवास करू नकोस. "ताई, मांजर तुमचीच" एवढंच उलट टपाली लिहून पाठव.