बांगड्याच्या धुरासाठी भोक

८ नोव्हेंबर, शनिवार

आप्पा आज पुन्हा दोडक्याची भाजी चिवडून उठले. आई गेल्यावर त्यांना गुहागरहून आमच्याकडे मीरा रोडला आणलं, कारण ते तिथे एकटे राहिले तर मला झोप लागणार नाही. पण तळलेल्या बांगड्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, आणि बांगडा मी बंद केलाय. शेजारच्या ममताबेन शुद्ध शाकाहारी. त्यांनी बोलायच्या आत आपणच समजून घ्यावं, ही माझी पद्धत. आप्पा म्हणाले, पुढच्या रविवारी गावी जातो.

उपाय सापडलाय. किचनला चिमणी, धूर पाइपने थेट बाहेर. भिंतीला फक्त सहा इंची भोक हवं. सेक्रेटरी हो म्हणाले. भोक पाडून देणारा कोअर कटिंगवाला बोलावणार नाही. मशीन भाड्याने मिळतं, डोकं घरचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

काशीगावहून मशीन आणलं. आमच्या टॉवरच्या भिंती नुसत्या काँक्रीटच्या, आत काळ्या दगडाची खडी. म्हणून हिऱ्याचं बिट. म्हणजे लोखंडी नळकांडं, कडेला धातूत रुतवलेले हिऱ्याचे कण. धातू कडक किंवा मऊ. कडक भिंतीला कडक बिट, हे कुणालाही कळेल. बायकोने, मृणालिनीने, डब्यावरचं वाचून दाखवलं: कडक धातू रेताड कामाला, कठीण दगडाला मऊ धातू. छपाईची चूक आहे, असं तिला समजावलं.

आप्पांना सांगितलं, रात्री बांगडा. हसले. किती दिवसांनी.

संध्याकाळी: भिंतीवर गोल उमटला आहे. रेखीव गोल. खोली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हाफ डे टाकला. मशीनवर अख्खं वजन देऊन दाबलं. जळका वास. बिटची कडा आरशासारखी गुळगुळीत. मृणालिनी व्हिडिओ बघून सांगते की खडीने वरचे हिरे बोथट झाले, आणि धातू झिजत नाही म्हणून आतले नवे हिरे बाहेर येत नाहीत. धातू झिजायलाच हवा म्हणे. झिजावी म्हणून कुणी वस्तू विकत घेतं का?

आप्पा कानात कापूस घालून जिन्यात बसतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मऊ बिट आणलं. मृणालिनी म्हणाली म्हणून नाही, स्वतंत्र विचार करून. पण आधी ट्रायल हवी. गच्चीवर रेती-सिमेंटचे पेव्हर ब्लॉक पडले होते, त्यांच्यावर घेतली. लोण्यासारखं कापत होतं. त्या नादात बिट गार ठेवणारं पाणी सोडायला विसरलो आणि सगळा ढीग संपवला. खाली येऊन बघतो तर कडेचे हिरे धातूसकट साफ. रेतीने खाल्ले. हातात नुसतं नळकांडं.

दुकानात तसं बिट आता सोमवारनंतरच येईल. आप्पांची बॅग पलंगावर उघडी आहे. मला रडू येतंय. धूळ गेली असेल डोळ्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा जुनं कडक बिट. मृणालिनी म्हणते, खरखरीत विटेवर चालवलं तर धातू घासून त्याची धार उघडते. वीट शोधली. या अख्ख्या टॉवरमध्ये एक वीट नाही. पेव्हर ब्लॉक चालला असता, पण ते मीच संपवले.

सकाळपासून दाबतोय. भोक बोटाच्या पेराएवढं खोल. आप्पांना म्हटलं, एक आठवडा थांबा, हात जोडतो. म्हणाले, भिंत राहू दे, तुझे हात बघ कसे सोलवटलेत. मी म्हटलं, झालंच आता.

१६ नोव्हेंबर, रविवार

आप्पा पहाटेच्या एसटीने गेले.

संध्याकाळी ममताबेन आल्या. आठवडाभर डोकं उठलंय म्हणाल्या. हे भोक कशासाठी, ते विचारलं. सांगितलं.

"मच्छी तलते थे तो मैं खिडकी बंद कर लेती थी, बस. अंकल को वापस बुला लो."

लगेच आप्पांना फोन लावला. मागे तव्याचा चुरचुर आवाज येत होता. काय असेल ते मग बोल म्हणाले, बांगडा करपेल. परत या, हे सांगायचं राहूनच गेलं.