निरोगी गटातला मी

ती. शरणम्माअक्कास,
सोलापूरहून धाकट्या सिद्धलिंगप्पाचा शरणु शरणार्थी. तुझा रक्तदाब कसा आहे, भावजींचा कान उघडला का, म्हैस व्याली का? (तिन्ही उत्तरं एकाच ओळीत लिहू नकोस. मागच्या पत्रावरून भावजी दोन्ही वेळचं दूध देतात असं मी समजून बसलो होतो.) मी उत्तम आहे.

तर शेजारचा गैबीसाब रिक्षावाला ईदपासून कुणाशी बोलेना. दारात रिक्षा, आत हा, दोघांवर चादर. त्याची बायको रुक्साना रडकुंडीला आली, तेव्हा मीच त्याला इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टर वैष्णवी म्हणून एक पोरगेलीशी बाई मनाच्या आजारावर संशोधन करते. उदासी सगळ्यांची एकसारखी नसते म्हणे, आणि कुणाला कुठलं औषध लागू पडेल हे आधी कळत नाही. झोप, चालणं, बोलणं मोजून ते ओळखता येईल का, हे ती शोधतेय. तुलनेला निरोगी माणसंही हवी होती. मी लगेच हात वर केला. दोघांच्या मनगटावर घड्याळं आली आणि फोन दिवसातून पाच वेळा विचारू लागला, आत्ता मन कसं आहे, शून्य ते दहा? मी दर वेळी दहा. एकदा नवी पेठेत दुकानात एका गिऱ्हाईक बाईंना कापड फाडून देताना फोन वाजला, मी मोठ्यानं ‘दहा!’ म्हणालो आणि अडीचऐवजी दहा मीटर फाडलं. (त्या बाईंच्या घरी आता पडदे, उशा आणि नवरा एकाच फुलाफुलात आहेत.)

गैबीसाबला गोळ्या दिल्या, शिवाय रोज सकाळी घरीच अर्धा तास एका झगझगीत दिव्यासमोर बसायचं. एवढा उजेड वाया कशाला घालवायचा म्हणून रुक्सानानं तिथं तांदूळ निवडायला घेतले. मग गल्लीतल्या आठ बायका सुपं घेऊन आल्या. एकविसाव्या दिवशी गैबीसाब ओरडला, ‘‘क्या चुनते जी तुम लोगां, कंकर तो वैसेच हैं!’’ रुक्साना सूप टाकून रडायला लागली. आता तो रिक्षा चालवतो. गोळ्यांनी, दिव्यानं की बायकांनी, हे डॉक्टरबाईंना कळेना. त्यांच्या तक्त्यात बायकांचा रकानाच नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. ‘‘काका, सगळे दहाच कसे? घड्याळ तर म्हणतंय तुम्ही तीनच तास झोपता. रविवारी खुर्चीतून उठतसुद्धा नाही.’’ मी म्हणालो, घड्याळ बिघडलंय. त्यांनी दुसरं दिलं, तेही तसंच खोटारडं. शेवटी मी ते गैबीसाबच्या दुसऱ्या हातात बांधलं.

‘‘काका, काल तुम्ही सात तास रिक्षा चालवलीत?’’

त्यांनी हळूच विचारलं, ‘‘कधीपासून असं?’’ तुझी भावजय हेमावती जाऊन दोन वर्षं झाली, एवढंच सांगायचं होतं गं, पण डोळ्यात पानाचा चुना गेला. (तिथं पान खायला बंदी आहे.) त्यांनी माझं नाव निरोगी यादीतून काढलं. आता गैबीसाब मला इस्पितळात नेतो आणि वाटेत सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, ‘‘इनकू मैं लेके आया.’’

तुझा,
सिद्धू

ता. क. वर ‘मी उत्तम आहे’ लिहिलंय ते खोडणार होतो, पण पत्र घाण दिसलं असतं.

ता. क. दुसरा. डॉक्टरबाईंना घरातलं जुनं माहीत असलेलं माणूस हवंय. अप्पा दरवर्षी दोन-तीन महिने भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि आई आपल्याला सांगायची, त्यांचं मौन चालू आहे. अक्का, ते मौन नव्हतं की काय गं? मला एकट्याला हे सांगायला जमेना. येशील?

ता. क. शेवटचा. नाही म्हणू नकोस. गैबीसाब मंगळवारी सकाळी सातला रिक्षा घेऊन अक्कलकोटला येतोय. मी त्याला अडवलं, पण बरा झाल्यापासून तो कुणाचं ऐकत नाही.