पुस्तकात नसलेली भिंत

सोमवार, दिवेलागणीनंतर

आज जीव थाऱ्यावर नाही. काल सानिका, माझी नात, नववीचं गणित घेऊन माझ्याजवळ बसली होती. आडव्या रेषेवर एक तिरकी रेष, तिच्या दोन बाजूंना दोन कोन, मोठा कोन लहानाच्या दुपटीहून तीस अंशांनी जास्त. मी म्हणालो, ही तर भिंतीला लावलेली शिडी. सांगलीत जन्मभर गवंडीकाम केलं. शिडीचा खालचा आणि वरचा कोन मिळून नव्वद, हे अंगात मुरलेलं. सत्तर आणि वीस, सांगून मोकळा झालो. विसाची दुप्पट चाळीस, वर तीस. बरोबर बसलं होतं की.

आज बाईंनी तिला वर्गात उभं केलं.

"आजोबा, पुस्तकात भिंत कुठं हाय? सरळ रेषेवर एकशेऐंशी व्हत्यात."

"आगं, भिंतीबिगर शिडी उभी ऱ्हाईल का?"

"शिडी तुमीच आणली."

एवढं बोलून ती शेजारच्या ताईकडे शिकायला गेली. परवा चाचणी आहे.

सत्तर आणि वीस डोक्यातून जाईनात. पुन्हा बसलो. शेवटी एकशेतीस आणि पन्नास आले, पण आकडे घालून, खोडून, चाचपडत. एक्स-वायची दोन समीकरणं मांडायची असतात म्हणे. सातवी शिकलेल्या मला ते कुठलं जमायला?

तिला हाक मारून दाखवावं असं फार वाटलं. पण दाखवलं तर माया येऊन उद्या ती माझ्याजवळच बसेल. मग परवा पेपरात मांडणीच्या जागी काय लिहील? कागद चुरगाळून टाकला.